शिवाराचे शहाणपण आणि नियोजनाचा नकाशा

गोदावरीला पूर आला म्हणजे जुन्या नाशिकात पाणी किती फूट चढले हे विचारण्याआधी, रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला पाणी लागले, कमरेला लागले की गळ्याशी आले, याचीच चौकशी होते, आणि त्या उत्तरावरून सराफ बाजार व भांडी बाजार येथील दुकानदार आपला माल हलविण्याचा निर्णय करतात. १९६९ आणि २००८ च्या महापुरांनंतर पूररेषांचे महत्त्व सर्वांना पटले. त्या रेषा शास्त्रीय आणि आवश्यकच आहेत, परंतु नदीचा विस्तार तिला मोकळा सोडावा लागतो, ही जाण काठावरच्या रहिवाशांपाशी पूर्वापार होती.

ज्यांचे जीवित एखाद्या भूमीवर अवलंबून असते, ते तिच्या मर्यादा ओळखून वागण्याचे नियम स्वतःच घालून घेतात. नाशिक जिल्ह्यातील बागलाण, कळवण परिसरात मोसम, गिरणा, आरम या नद्यांच्या काठी शतकानुशतके चालत आलेली फड पद्धती हे याचे उत्तम उदाहरण होय. नदीवर बंधारा घालून पाटाने आणलेले पाणी ज्या क्षेत्राला मिळे, त्याचे फड, म्हणजे मोठे विभाग, पाडलेले असत; एका फडात एका हंगामी एकच पीक घेतले जाई, उसाचा फड पाळीपाळीने बदले आणि त्यामुळे जमिनीला विसावा मिळे. बहुधा प्रत्येक शेतकऱ्याची जमीन निरनिराळ्या फडांत विभागलेली असल्याने टंचाईच्या वर्षी एखादा फड कोरडा ठेवावा लागला, तरी तोटा सर्वांच्या वाट्याला येई. पाणी पाटकऱ्याने द्यावे, त्याच्यावर हवालदाराने देखरेख ठेवावी आणि पिकाची राखण जागल्याने करावी, असा हा बंदोबस्त होता. पाण्याचा हक्क जमिनीशी बांधलेला असल्यामुळे भूमिहीनाला त्यात वाटा नव्हता, हे वैगुण्य मान्य केलेच पाहिजे; तथापि उपलब्ध पाणी पाहून पीक ठरविण्याचा त्यातील विवेक आजही अनुकरणीय आहे.

जिल्ह्याच्या पश्चिमेस पेठ, सुरगाणा भागातील कोकणा, वारली, महादेव कोळी समाज वाघबारशीला वाघदेवाची पूजा करतात. मनुष्याच्या वस्तीशेजारी वन्य प्राण्यालाही स्थान आहे, याची ती दरवर्षी दिलेली कबुली आहे. सह्याद्रीच्या देवरायांत कुऱ्हाड न चालविण्याच्या दंडकाने झाडे आणि त्यांच्या आश्रयाने झरेही राखले गेले. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी महाराष्ट्रातील देवरायांचा अभ्यास करून त्यांचे मोल विद्वानांच्या नजरेस आणले.

हे ज्ञान नियोजनात यावे कसे? महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ अन्वये विकास योजनेपूर्वी जमिनीच्या विद्यमान वापराचा नकाशा तयार होतो आणि प्रारूप योजना प्रसिद्ध झाल्यावर लोकांच्या हरकती व सूचना मागविल्या जातात. म्हणजे लोकांना विचारण्याची वेळ येते ती रेषा आखून झाल्यावर. लोकांचे साहाय्य पाहणीच्या वेळीच घेतले, तर जुना नाला, गुरांची वाट, पावसाळी पाणथळ आणि गावाने राखलेले रान त्या पहिल्या नकाशावरच उमटेल. जैवविविधता अधिनियम, २००२ खालील लोक जैवविविधता नोंदवही दप्तरात पडून न राहता या नकाशासोबत जोडली जावी.

नाशिक झपाट्याने वाढत आहे, आणि एकदा बुजविलेला नाला परत खोदून काढणे दुष्कर असते. म्हणून नगररचनाकारांनी मसुद्याची पहिली रेषा ओढण्यापूर्वी संबंधित शिवारात राहणाऱ्यांसह ते पायी फिरून पाहावे, आणि नागरिकांनीही आपल्या परिसरातील पाण्याच्या वाटा जाणत्यांना विचारून आजच नोंदवून ठेवाव्यात.