नामांकित कॉलेज की हवी ती ब्रांच? पसंतीक्रम भरण्याआधी या गोष्टी तपासा

बारावीचा निकाल आणि एमएचटी-सीईटीचे पर्सेंटाइल हाती आले की अनेक घरांत एकच वाद सुरू होतो. मोठ्या नावाच्या खासगी कॉलेजात मिळेल ती ब्रांच घ्यायची, की हव्या त्या ब्रांचसाठी कमी नावाजलेले कॉलेज चालेल? आई-वडिलांना नाव हवे असते, मुलाला कॉम्प्युटर हवे असते आणि काका-मामांचे मत तिसरेच असते. हा वाद मिटण्याआधीच पसंतीक्रम भरला, तर पुढे अडचण होऊ शकते.

पसंतीचा क्रम इतका महत्त्वाचा का?

राज्यातील इंजिनीअरिंग प्रवेश सीईटी सेलच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजेच कॅपमधून होतात. २०२५-२६ मध्ये चार फेऱ्या झाल्या. पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीची, दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी एखादी जागा मिळाली, तर ती घेणे बंधनकारक होते. ती नाकारणाऱ्याला पुढच्या कॅप फेऱ्यांत संधी नव्हती. त्यामुळे ‘आधी नाव टाकून ठेवू, मिळाल्यावर ठरवू’ ही सवय महागात पडू शकते. नियम दरवर्षी बदलू शकतात, म्हणून त्या वर्षीची माहितीपुस्तिका आधी वाचावी.

कटऑफ म्हणजे दर्जा का?

कटऑफ त्या जागेची मागणी सांगतो. गेल्या वर्षी किती गुणांपर्यंतच्या मुलांनी ती जागा घेतली, एवढेच त्यातून कळते. कॉलेज शहरात आहे, जुने आहे किंवा शेजारच्यांचा मुलगा तिथे शिकला, यानेही मागणी वाढते. मात्र नावाला किंमत नाही, असेही नाही. चांगले सहाध्यायी, माजी विद्यार्थ्यांचे जाळे आणि कॅम्पसवर येणाऱ्या कंपन्या यांचा खरा फायदा होतो. प्रश्न एवढाच, की तो फायदा आपल्या ब्रांचला मिळतो का?

नॅक, एनबीए, एनआयआरएफ यांत फरक काय?

नॅक संपूर्ण संस्थेचे मूल्यांकन करते, तर एनबीए प्रत्येक अभ्यासक्रमाला स्वतंत्र मान्यता देते. त्यामुळे नॅकची श्रेणी उत्तम असली, तरी हव्या त्या ब्रांचला एनबीए आहे का, हे वेगळे पाहावे लागते. एनआयआरएफच्या क्रमवारीत संशोधन व व्यावसायिक कामगिरीला ३० टक्के, तर विद्यार्थ्यांच्या निकाल व पुढील वाटचालीला २० टक्के वजन असते. पदवीनंतर नोकरी हेच उद्दिष्ट असेल, तर केवळ क्रमांकावर विसंबू नये.

प्लेसमेंटचा आकडा कसा वाचायचा?

समजा, पाच विद्यार्थ्यांची पॅकेजेस ४, ४, ४.५, ५ आणि ४० लाख आहेत. सरासरी येते ११.५ लाख, पण मधला आकडा, म्हणजे मीडियन, फक्त ४.५ लाख. फलकावर ४० लाख झळकतात, पण बहुतेकांच्या हाती ४ ते ५ लाखच येतात. एनआयआरएफसाठी दिलेल्या माहितीत मीडियन पगार आणि नोकरी मिळालेल्यांची संख्या असते. ती माहिती शोधून वाचावी.

टक्केवारी एकूण विद्यार्थ्यांची आहे की फक्त ‘पात्र’ विद्यार्थ्यांची, हेही विचारावे. २०२४-२५ पासून एआयसीटीईने चांगली कामगिरी असलेल्या संस्थांसाठी जागांची कमाल मर्यादा काढून टाकली. त्यामुळे एखाद्या ब्रांचच्या जागा अलीकडे वाढल्या असतील, तर जुने प्लेसमेंट आकडे नव्या मोठ्या बॅचला जसेच्या तसे लागू होत नाहीत. २० विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक हे एआयसीटीईचे प्रमाण तिथे पाळले जाते का, तेही पाहावे.

चार वर्षांचा खर्च किती?

खासगी विनाअनुदानित कॉलेजांचे शुल्क शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते. मात्र हिशेब तिथे संपत नाही. समजा, नामांकित कॉलेजचे शुल्क वर्षाला ६० हजारांनी जास्त आहे आणि हॉस्टेल-मेसचे १ लाख २० हजार वेगळे लागतात. मग घराजवळच्या कॉलेजच्या तुलनेत चार वर्षांत ७ लाख २० हजारांचा फरक पडतो. कर्ज काढायचे असेल, तर त्यावर व्याज आलेच.

सवलतीही तपासाव्यात. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी प्रवर्गातील मुलींना २०२४-२५ पासून शिक्षण व परीक्षा शुल्कात १०० टक्के सवलत आहे. ती कॅपमधून झालेल्या प्रवेशालाच लागू आहे. व्यवस्थापन कोट्यातून नामांकित कॉलेज मिळवताना ही सवलत हातची जाते.

कोणाला काय सोयीचे?

- ब्रांच पक्की ठरली असेल, तर आधी ती ब्रांच चांगली असलेली कॉलेजे लिहावीत. ‘पुढे ब्रांच बदलून घेऊ’ हे रिक्त जागा आणि पहिल्या वर्षाच्या गुणांवर अवलंबून असते.
- ब्रांच ठरलेली नसेल, तर कॉलेजच्या नावाला जास्त वजन देता येईल. अनेक आयटी कंपन्या भरतीत सर्व ब्रांचच्या विद्यार्थ्यांना संधी देतात.
- रोजचा प्रवास दोन्ही बाजूंचा मिळून तीन-चार तासांचा असेल, तर प्रोजेक्ट आणि अभ्यासाला वेळ किती उरेल, हे मुलालाच विचारावे.
- कामकाजाच्या दिवशी कॉलेज पाहावे आणि त्याच ब्रांचच्या तिसऱ्या वर्षाच्या मुलांशी बोलावे. तासिका नियमित होतात का, लॅब किती वेळ उघडी असते, इंटर्नशिप कशी मिळाली, हे त्यांच्याकडून कळते.

फॉर्म निश्चित करण्यापूर्वी घरातल्या सगळ्यांनी यादी एकत्र वाचावी. प्रत्येक पर्यायापाशी थांबून मुलाला एकच प्रश्न विचारावा: हीच जागा मिळाली, तर घेशील का? उत्तर ‘नाही’ असेल, तर कॉलेज कितीही नावाजलेले असले, तरी तो पर्याय यादीतून काढावा.