कॅरॅमलचा गोडवा जिभेवर किती, नाकात किती?

कॅरॅमल व्होडका लिक्युअरचा पहिला घोट नाक चिमटीत धरून घ्यावा. जिभेवर निव्वळ साखर लागते, मागोमाग जळजळ. नाक सोडलं की कॅरॅमल प्रकटतं आणि तोच घोट आणखी गोड वाटू लागतो. स्टीव्हन्सन, प्रेस्कॉट आणि बोक्स या मानसशास्त्रज्ञांनी 1999 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत कॅरॅमलच्या वासाने साखरपाण्याचा गोडवा वाढला होता, सायट्रिक आम्लाचा आंबटपणा दबला होता. वासाला स्वतःची चव नसते; पण हा वास लहानपणापासून साखरेबरोबरच भेटत आल्यामुळे मेंदू दोघांची गाठ बांधून टाकतो.

म्हणूनच अशा पेयाची पारख म्हणजे साखरेचा गोडवा आणि वासाचा गोडवा वेगळा करणं. युरोपीय नियमांनुसार लिक्युअरमध्ये लिटरमागे साधारण 100 ग्रॅम तरी साखर लागते, त्यामुळे गोड असणं ही काही मोठी कमाई नव्हे. व्होडका जवळपास निर्गंध. रमसारखा पिंपाचा वास तिच्याकडे नाही. कॅरॅमल कच्चं असेल तर ते झाकायला तिथे काहीच नसतं.

अस्सल कॅरॅमल हा एक वास नाहीच. साखर साधारण 160 अंश सेल्सियसच्या पुढे तापली की तिचे रेणू फुटतात. डायअसिटिल लोण्याचा वास आणतं, माल्टॉल भाजल्या साखरेचा. आणखी तापवलं की कडवटपणा येतो. दूध असेल तर 1912 मध्ये लुई-कामिय माइलार यांनी वर्णिलेली अभिक्रिया सुरू होते, साखर आणि प्रथिनांची. टॉफीची खमंग चव तिथली. कच्च्या साखरेतला सोटोलॉन तर अजबच: अगदी थोडा असेल तर कॅरॅमल, जास्त झाला की थेट मेथी! मेथीचा वास मुख्यतः त्याचाच. याउलट, नुसत्या एथिल माल्टॉलवर उभं केलेलं लिक्युअर बुढ्ढी के बाल खाल्ल्यासारखं एकसुरी लागतं. मला कडवट किनार असलेलंच खरं वाटतं, कारण साखर खरोखर करपण्याच्या सीमेवर नेल्याची ती खूण असते.

पारखताना बर्फ नको. थंडीत जिभेची गोड ओळखणारी यंत्रणा मंदावते, गंधाचे रेणूही कमी उडतात. बर्फगार ग्लासात सामान्य मालही खपून जातो. जळजळीचं कारण वेगळं. मिरचीतलं कॅप्सेसिन तोंडातल्या ज्या चेताग्राहकाला (रिसेप्टरला) चेतवतं, त्याचा उष्णतेचा उंबरठा अल्कोहोलमुळे सुमारे 42 अंशांवरून 34 वर येतो आणि तोंडाची नेहमीची ऊबच पोळू लागते.

शेवटी तेवढंच कोमट पाणी घालून पुन्हा चाखावं. साखर आणि अल्कोहोल दोन्हींचं प्रमाण निम्म्यावर येतं. तरीही लोणी, भाजकेपणा, कडवट शेपूट ओळखू येत असेल तर माल चांगला. अनेक नमुने असतील तर कमी गोड आधी घ्यावा आणि प्रत्येक घोट थुंकून टाकावा. साखरेआड अल्कोहोल किती गेलं हे जीभ सांगत नाही.