गोंगाट-निर्मूलन, अंकीय रंगीत प्रतिमांतील

गोंगाट-निर्मूलन, अंकीय रंगीत प्रतिमांतील : मूळ दृश्यात नसलेले जे अनियमित ठिपके व रंगभेद अंकीय प्रतिमेत उमटतात, त्यांस गोंगाट म्हणतात. दृश्यातील तपशील राखून ते कमी करण्याच्या गणिती प्रक्रियेस गोंगाट-निर्मूलन ही संज्ञा आहे.

कॅमेऱ्याच्या संवेदकावर पडणाऱ्या फोटॉनांची संख्या स्थिर नसते. ती सरासरीने १०० असल्यास चढउतार सुमारे १० (१०%), तर १०,००० असल्यास सुमारे १०० (१%) असतो. म्हणून अंधुक प्रकाशातील छायाचित्र दाणेदार दिसते. संवेदकाची उष्णता व इलेक्ट्रॉनीय मंडले यांमुळे गोंगाटात भर पडते. बहुतेक रंगीत कॅमेऱ्यांत चारपैकी दोन चित्रबिंदू हिरवा, एक तांबडा व एक निळा प्रकाश मोजतो. उरलेले घटक शेजारच्या बिंदूंवरून अनुमानाने काढतात. परिणामी एका बिंदूतील चूक शेजारी पसरून रंगीत डाग उमटतात.

निर्मूलनासाठी ३×३ बिंदूंची चौकट प्रतिमेवरून फिरवितात. मधल्या बिंदूचे मूल्य गोंगाटामुळे २५५ व भोवतालच्या आठांचे ५२ असल्यास सरासरी सुमारे ७५ येते व डाग पुसट होऊनही उरतो. क्रमाने मांडलेल्या मूल्यांतील मधले मूल्य, म्हणजे मध्यक, घेतल्यास ५२ मिळून डाग नाहीसा होतो. मात्र तिन्ही रंगघटकांचे मध्यक स्वतंत्रपणे काढल्यास कोणत्याही शेजारबिंदूत नसलेला रंग उत्पन्न होऊ शकतो. त्यामुळे तेजस्विता व रंगछटा वेगळ्या करून छटांवर अधिक तीव्र छानक (फिल्टर) वापरतात. कारण मानवी डोळ्यास छटेतील सूक्ष्म फरक तेजस्वितेतील फरकांपेक्षा कमी जाणवतात. प्रतिमेत इतरत्र आढळणाऱ्या सदृश तुकड्यांची सरासरी घेण्याची पद्धत २००५ मध्ये मांडली गेली. त्यानंतर चेताजालांवर आधारित पद्धती प्रचारात आल्या.

कोणत्याही छानकास गोंगाट व सूक्ष्म तपशील यांतील भेद पूर्णपणे ओळखता येत नाही. उदा., फलटण (जि. सातारा) येथील निंबकर कृषी संशोधन संस्थेने करडईचे बिनकाटेरी वाण विकसित केले आहेत. काटेरी करडईच्या छायाचित्रात काटा एकच बिंदू रुंद असेल, तर चौकटीतील नऊपैकी फार तर तीन मूल्ये त्याची असतात. अशा वेळी मध्यक पार्श्वभूमीचा येतो, काटा पुसला जातो आणि झाड बिनकाटेरी भासते. चेताजाल याउलट प्रत्यक्षात नसलेला तपशीलही निर्माण करू शकते.

यास्तव वैज्ञानिक कामात मूळ प्रतिमा जतन करणे व शक्य तेथे अधिक प्रकाश मिळविणे श्रेयस्कर ठरते. स्थिर दृश्याची १६ छायाचित्रे घेऊन त्यांची सरासरी काढल्यास यादृच्छिक गोंगाट एकचतुर्थांश होतो व काटाही शाबूत राहतो.