कच्ची भाजी की शिजवलेली? बसवनगुडीच्या पानाचा दाखला

आहारविचार : लेखांक ९

भाजीतील जीवनसत्त्वे आणि खनिजे यांचा परिचय मागील लेखांकांत झाला. ती भाजी पानात पडेपर्यंत त्यांचे काय होते, हे प्रस्तुत लेखांकात पाहावयाचे आहे. त्यासाठी बेंगळुरूच्या बसवनगुडी भागातील पारंपरिक जेवण हा उत्तम दाखला ठरतो, कारण गांधी बाजारातून आलेली भाजी तेथे एकाच केळीच्या पानावर कच्ची, परतलेली आणि शिजवलेली अशा तिन्ही रूपांत वाढली जाते.

भिजवलेली मूगडाळ, काकडी किंवा गाजराचा कीस, ओले खोबरे आणि लिंबू यांची कोसंबरी हा त्यातील कच्चा पदार्थ होय. क जीवनसत्त्व पाण्यात विरघळते, उष्णतेने व हवेच्या संपर्काने नष्ट होते. म्हणून आयत्या वेळी चिरलेल्या काकडीत आणि वरून पिळलेल्या लिंबात ते अधिक टिकते. कोबीच्या कुळातील भाज्या कच्च्या खाण्यास आणखी एक कारण संभवते : त्यांतील गंधकयुक्त संयुगांचे उपयुक्त द्रव्यांत रूपांतर करणारे मायरोसिनेज हे विकर, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन, दीर्घकाळ शिजवल्यास निकामी होते.

याउलट गाजर आणि पालेभाज्या यांतील बीटा कॅरोटिन, ज्यापासून शरीर अ जीवनसत्त्व तयार करते, पेशींच्या चिवट भित्तिकांमध्ये अडकलेले असते आणि ते स्निग्ध पदार्थातच विरघळते. उष्णतेने या भित्तिका सैल होतात, फोडणीचे तेल किंवा खोबरे शोषणास साहाय्य करते, आणि त्यामुळे पल्य, म्हणजे परतलेली कोरडी भाजी, या बाबतीत कच्च्या किसापेक्षा सरस ठरते. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेतील प्रयोगांतही घरगुती पद्धतीने शिजवल्यावर भाज्यांतील बीटा कॅरोटिन शोषणासाठी अधिक प्रमाणात उपलब्ध होते, असे आढळले आहे. टोमॅटोविषयी अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी 2002 मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग तर या प्रश्नाच्या दोन्ही बाजू एकत्र दाखवतो : 88 अंश सेल्सिअसवर 30 मिनिटे तापवल्यावर क जीवनसत्त्व 29 टक्क्यांनी घटले, परंतु लायकोपीन या लाल रंगद्रव्याचे मोजता आलेले प्रमाण दुपटीहून अधिक झाले.

काही भाज्यांच्या बाबतीत निवडीला वावच नसतो. हिवाळ्यात बेंगळुरूच्या बाजारात येणारे अवरेकाई, म्हणजे आपल्या वाल-पावट्याच्या जातीचे दाणे, यांत प्रथिनांच्या पचनात अडथळा आणणारी द्रव्ये असतात आणि ती उष्णतेने निष्प्रभ होतात. त्यामुळे हे दाणे नीट शिजवूनच खावे लागतात. पालकातील ऑक्झलेट हे कॅल्शियमचे शोषण रोखणारे द्रव्य उकळल्यावर बऱ्याच अंशी पाण्यात उतरते, म्हणून पालक उकळलेले पाणी टाकणे मूतखड्याची प्रवृत्ती असलेल्यांना हितावह असते.

मात्र त्याच पाण्याबरोबर फोलेट आणि क ही जीवनसत्त्वेही जातात, हे विसरता येत नाही. हुळी, म्हणजे तूरडाळ व भाज्यांची दाट आमटी, हिच्यात शिजवणीचे पाणी पदार्थातच राहते. बस्सारु या प्रकारात तर पालेभाजी आणि कडधान्य शिजवून निथळलेल्या पाण्याचे सार करतात व उरलेल्या चोथ्याचे पल्य करतात, जशी पुरणाच्या कटाची आमटी महाराष्ट्रात होते. उष्णतेने झालेली हानी यामुळे भरून येत नाही, परंतु पाण्यात उतरलेले पोषण वाया जात नाही.

तात्पर्य, कच्चे श्रेष्ठ की शिजवलेले, या प्रश्नाला सर्व भाज्यांसाठी एकच उत्तर नाही. प्रत्येक पोषकद्रव्याचा निवाडा वेगळा आहे. म्हणून रोजच्या जेवणात स्वच्छ धुतलेल्या भाजीची एक कोशिंबीर आणि थोड्या तेलात, बेताच्या पाण्यात, झाकण ठेवून शिजवलेली एक भाजी असावी, आणि ऑक्झलेटसारखे कारण नसेल तर शिजवणीचे पाणी आमटीत घालावे.