हवं तसं मूल: निवड, दुरुस्ती आणि आपला जुना अनुभव

मंडळी, जनुकांवर बोलायला उभं राहिलं की शेवटी कुणीतरी हात वर करून विचारतंच: उद्या पैसे मोजून उंच, गोरं, हुशार मूल करून घेता येईल का? आणि येत असेल, तर त्यात वाईट काय? आज आपण या दुसऱ्या प्रश्नासाठीच बसलो आहोत. पण पहिला नीट सोडवला नाही तर दुसऱ्यावर नुसताच वाद होतो, म्हणून थोडं थांबून सुरुवात करू.

थॅलेसेमियाचं उदाहरण घ्या. आई आणि वडील दोघेही वाहक असले, म्हणजे स्वतः ठणठणीत पण सदोष जनुकाची एकेक प्रत बाळगणारे, तर प्रत्येक गर्भारपणात मूल आजारी असण्याची शक्यता चारांत एक. असं मूल दर दोन-चार आठवड्यांनी रक्त चढवून घेत वाढतं. ज्या घराने हे पाहिलं आहे, त्यांना 'निसर्गावर सोडा' असं सांगायला आमची जीभ रेटत नाही. आता आयव्हीएफमध्ये चार-सहा भ्रूण तयार झाले, तर पाचव्या दिवसाच्या सुमारास प्रत्येकातल्या मोजक्या पेशी काढून तपासता येतात आणि आजार नसलेला भ्रूण गर्भाशयात सोडता येतो. ही झाली निवड. इथे जनुकाला कुणी हात लावलेला नाही.

दुसरी गोष्ट, जन्मलेल्या रुग्णावरचा उपचार. सिकलसेल आणि थॅलेसेमियासाठी क्रिस्पर वापरणाऱ्या पहिल्या उपचाराला ब्रिटनने २०२३ च्या नोव्हेंबरात मान्यता दिली. यात रुग्णाच्याच मूळ रक्तपेशी बाहेर काढून बदलतात आणि परत सोडतात. बदल त्या माणसाबरोबर संपतो, पुढच्या पिढीत जात नाही.

तिसरी गोष्ट मात्र वेगळी: भ्रूणाचंच जनुक बदलायचं. हा बदल शरीरातल्या कुठल्याही पेशीत पोचू शकतो, स्त्रीबीजात आणि शुक्राणूतही, म्हणजे नातवंडांपर्यंत. ही तिन्ही कामं 'डिझायनर बेबी' या एकाच पोत्यात भरली जातात आणि तिथेच सगळी गल्लत होते.

तिसरी गोष्ट घडलेली आहे बरं का. २०१८ च्या नोव्हेंबरात शेनझेनच्या हे जियानक्वी या संशोधकाने जाहीर केलं की, भ्रूणावस्थेत जनुक बदललेल्या जुळ्या मुली जन्मल्या आहेत. बदललेलं जनुक होतं सीसीआर-फाइव्ह. एचआयव्हीचा विषाणू बहुतेक वेळा याच दारातून पेशीत शिरतो. वडील एचआयव्हीबाधित होते, आई नव्हती. ऐकायला किती चांगलं वाटतं! पण शुक्राणू धुऊन वापरण्याची पद्धत तेव्हाही होती आणि तेवढ्याने बाळाला होणारी लागण टळते. म्हणजे मुली आजारी नव्हत्या, आजारी होणारही नव्हत्या. शिवाय युरोपातल्या काही लोकांत आढळणारा जो नैसर्गिक बदल साधायचा म्हणत होते, तो साधलाच नाही. भलतेच बदल झाले, आणि एका मुलीत तर जनुकाची एकच प्रत बदलली. आईवडिलांनी सही केलेल्या कागदावर या प्रयोगाला 'एड्स लस विकास प्रकल्प' म्हटलं होतं. २०१९ च्या डिसेंबरात चिनी न्यायालयाने त्याला तीन वर्षांची कैद सुनावली. तो कैद भोगून सुटलाही. त्या मुलींमधला बदल मात्र आयुष्यभराचा आहे.

यावर एक आक्षेप नेहमी येतो आणि तो फालतू नाही. आईबाप मुलाला न विचारताच सगळं ठरवतात की! नाव, भाषा, शाळा, लस. खरं आहे. पण मूल मोठं होऊन नाव बदलतं, शाळेला शिव्या घालतं, आपल्या मनाचं लग्न करतं. जनुकातल्या निर्णयाशी त्याला भांडता येत नाही. आणि चूक झाली, तर ती फक्त त्याच्यापुरती राहत नाही. म्हणून वारशाने जाणारा बदल आज तरी करू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. जिथे निवडीने काम भागतं, तिथे तर मुळीच नाही.

आणि हुशारी, उंची? एकट्या उंचीवरच हजारो जनुकीय फरकांचा थोडा थोडा परिणाम असतो. २०१९ मधल्या एका अभ्यासाचा हिशेब असा की, दहा भ्रूणांतून 'सर्वांत उंच' निवडला तरी सरासरी फायदा अडीच सेंटिमीटरच्या आसपास. बुद्ध्यंकाचंही तसंच, अडीचेक गुण. एवढ्यासाठी हार्मोनची इंजेक्शनं बाईने घ्यायची!

पण तंत्र तोकडं आहे म्हणून आपण निर्धास्त व्हावं का? नाही, कारण महाराष्ट्राने हा खेळ एका गुणापुरता खेळून पाहिला आहे. गर्भजलपरीक्षा आपल्या देशात सत्तरच्या दशकात आली ती गर्भातले दोष शोधायला. बघता बघता ती मुलगी शोधायला वापरली जाऊ लागली. कार्यकर्त्यांच्या रेट्यामुळे १९८८ साली देशातला पहिला कायदा आपल्या राज्याने केला. केंद्राचा आला १९९४ मध्ये. तरी शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे मुली १९९१ मध्ये ९४६ होत्या, त्या २००१ मध्ये ९१३ झाल्या आणि २०११ मध्ये ८९४. बीड जिल्ह्यात तर ८०७. कुठल्याही सरकारने सक्ती केली नव्हती. एकेका घराने आपापल्यापुरता 'वैयक्तिक' निर्णय घेतला होता, आणि त्या निर्णयात सुनेला कितपत विचारलं गेलं, हे आपण सगळे जाणतो. दरम्यान गर्भधारणेआधीच लिंग निवडण्याची तंत्रं आली, तेव्हा पुण्याची 'मासूम' आणि मुंबईची 'सेहत' या संस्था साबू जॉर्ज यांच्यासोबत सर्वोच्च न्यायालयात गेल्या. २००३ च्या दुरुस्तीने तीही कायद्याखाली आली.

हा कायदा एकदा वाचून बघा. प्रसवपूर्व तपासणी कशासाठी करता येईल याची त्यात चक्क यादी आहे: गुणसूत्रांतले दोष, चयापचयाचे आनुवंशिक आजार, हिमोग्लोबिनचे आजार, लिंगाशी जोडलेले आनुवंशिक आजार, जन्मजात व्यंग. थॅलेसेमिया त्यात बसतो. रंग, उंची, बुद्धी बसत नाहीत. यादीतल्या 'जन्मजात व्यंग' या शब्दांवर मात्र अपंग चळवळीतल्या मंडळींचा आक्षेप आहे. यादी डॉक्टरांनी केली, त्या व्यंगासह जगणाऱ्यांना कुणी विचारलं का, असं ते म्हणतात. आमच्याकडे याचं तयार उत्तर नाही. पुढच्या व्याख्यानात आपण तिथूनच सुरू करू.