दवाखान्यात दहा पावलं, घरी दिवसभर

मणक्याच्या ऑपरेशनचं नाव निघालं की आपल्याकडे पहिला प्रश्न येतो, नंतर चालता येईल का? पण आधी किती चालता येत होतं, हे कुणी मोजलेलंच नसतं.

डॉक्टर म्हणतात, जरा चालून दाखवा. अर्धापूरहून विष्णुपुरीच्या सरकारी दवाखान्यात पोचलेली बाई पदर सावरून ताठ चालते. दहा पावलं कुणीही चालेल हो! मणक्यातली नसांची जागा अरुंद झाली असेल तर दुखणं तेवढ्यात दिसत नाही. बरंच चालल्यावर पोटऱ्या भरून येतात, पाय जड होतात, मुंग्या येतात. बसलं किंवा पुढं वाकलं की उतार पडतो. म्हणून अशी बाई वाकून खुरपणी करते, पण केळीच्या बागेतून घरी येताना तीनदा टेकते. घरचे म्हणतात, शेतात तर काम करतेस, मग वाटेतच कसं दुखतं? तिचं खोटं नसतं. हा आजारच तसा आहे.

हे पकडायला काही मोठ्या दवाखान्यांत आता अंगावर लावायचे सेन्सर वापरतात. काडेपेटीएवढं यंत्र कंबरेला मागून किंवा पायाला पट्ट्यानं बांधतात. अंग किती हललं, किती वळलं, हे ते सेकंदाला कितीतरी वेळा नोंदवतं. त्यावरून मिनिटाला पावलं किती, दोन्ही पाय सारखे पडतात का, वळताना तोल जातो का, बाई कितीदा थांबली, हे कळतं. सुई नाही, क्ष-किरण नाही. ऑपरेशनआधी काही दिवस आणि नंतर काही आठवड्यांनी, काही महिन्यांनी पुन्हा मोजायचं. एमआरआयमध्ये दबलेली नस दिसते, पण दिवसभराचं चालणं दिसत नाही.

असाच सेन्सर मोबाईलमध्ये आणि हातातल्या घड्याळातही असतो. पण आपल्या कामाला तो फसतो. डोक्यावरची पाटी धरलेला हात हलत नाही, म्हणून घड्याळ पावलं कमी मोजतं. भाकरी थापताना हात हलतो, तर बसल्या जागी पावलं वाढू शकतात. मोबाईल तर बहुतेक वेळा मुलाच्या खिशात, मग त्याचीच पावलं मोजली जातात. साडीला खिसा नसतो, हे यंत्र करणाऱ्यांच्या ध्यानात आलेलं दिसत नाही! मोजायचंच तर मोबाईल कापडी पिशवीत घालून कंबरेला घट्ट बांधा.

आणि रोज दहा हजार पावलांचं मनावर घेऊ नका. १९६५ साली जपानी कंपनीनं पावलं मोजायचं यंत्र विकायला काढलं, त्याच्या नावातच दहा हजार होते. तुमची तुलना तुमच्याच आधीच्या चालण्याशी करायची.

यंत्र नसलं तरी वही आहे. घरापासून किती पावलांवर बसावं लागलं, ते आठवडाभर लिहा. दवाखान्यात करतात ती एक चाचणीही सोपी आहे: खुर्चीवरून उठायचं, ३ मीटर म्हणजे साधारण दहा फूट चालायचं, वळून परत येऊन बसायचं. किती सेकंद लागले ते गटातल्या मैत्रिणीनं मोजावं आणि तिनं जवळच उभं राहावं. ऑपरेशननंतर डॉक्टरांनी होकार दिला तरच हे पुन्हा करा. सुरुवातीला आकडा घसरणारच, घाबरू नका. कधी दुखणं कमी होतं पण पावलं वाढत नाहीत. मनात भीती बसलेली असते, पायांतलं बळ गेलेलं असतं. अशा वेळी वही दाखवून व्यायामाचं विचारा. उलट पावलं वाढली म्हणून घरच्यांनी लगेच कळशी हातात देऊ नये. चालणं वेगळं, वजन उचलणं वेगळं. ते कधी सुरू करायचं, हे डॉक्टरांनाच विचारा.

एका बाबतीत मात्र मोजत बसायचं नाही. लघवी अडली किंवा झालेली कळेनाशी झाली, बसायची जागा बधिर झाली, पायातलं बळ एकदम गेलं, तर उद्यावर ढकलू नका. रात्र असली तरी १०८ ला फोन लावा.