वसई : गोड्या आणि खाऱ्या पाण्याच्या सीमेवरील नगर

वसईचा उल्लेख झाला की अभ्यासकांच्या मनात सामान्यतः दोन साले येतात : १७३९ आणि १८०२. पहिल्या साली चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई घेतली. दुसऱ्या सालाच्या अखेरच्या दिवशी दुसऱ्या बाजीरावाने येथेच इंग्रजांशी तह केला. दिल्लीतील वर्गात भारतीय साहित्याच्या विद्यार्थ्यांना वसईविषयी विचारले असता बहुधा तहाचेच उत्तर मिळते. एक युद्ध आणि एक तह यांच्या मध्ये नगर मात्र हरवून जाते. ज्या भूमीवर ते वसले, ज्या पाण्यावर ते जगले आणि ज्या बोलींत ते बोलले, त्यांचा परस्परसंबंध स्पष्ट करण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

प्रथम भूगोल पाहू. वसईच्या दक्षिणेस उल्हास नदीची खाडी, उत्तरेस वैतरणा, पश्चिमेस अरबी समुद्र आणि पूर्वेस तुंगारेश्वराचे डोंगर आहेत. एके काळी सोपाऱ्यापाशी आत शिरलेल्या खाडीमुळे किनाऱ्याची पट्टी मुख्य भूमीपासून अलग होती. म्हणजे वसई हे जवळजवळ एक बेटच होते. ही पट्टी बहुतांशी वालुकामय आहे. पावसाळ्याच्या चार महिन्यांत पडणारे पाणी वाळूत मुरते आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते, कारण गोडे पाणी वजनाने हलके असते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्या शतकाच्या आरंभी अनुक्रमे गायबेन आणि हर्झबर्ग या दोन शास्त्रज्ञांनी या तरंगण्याचे प्रमाण मांडले : गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीहून एक फूट वर असेल, तर त्याखाली सुमारे ४० फूट खोलीपर्यंत गोडे पाणी मिळते. याचा उलट अर्थही तितकाच खरा आहे. वरची पातळी एक फुटाने उतरली की खालून खारे पाणी कालांतराने ४० फूट वर सरकते. वसईचा सारा इतिहास या नाजूक तोलावर उभा आहे.

या परिसराची सर्वांत जुनी कीर्ती सोपाऱ्याची. महाभारतातील शूर्पारक, पाली वाङ्मयातील सुप्पारक, ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथातील सुप्पारा आणि अरब भूगोलकारांचे सुबारा ही एकाच बंदराची नावे आहेत. एवढ्या भिन्न वाङ्मयपरंपरांत नोंदले गेलेले दुसरे स्थळ कोकण किनाऱ्यावर क्वचितच सापडेल. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी येथील स्तूपाचे उत्खनन केले, आणि अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही त्यांनाच मिळाला. नवव्या लेखाचा तुकडा १९५६ साली जवळच्या भुईगावात आढळला. पुढे खाडी गाळाने भरत गेली. जहाजांना आत येणे अशक्य झाले आणि सोपाऱ्याचे बंदरपण संपले. या बंदराचा शेवट कोणा विजेत्याने केला नाही. तो गाळाने केला.

बंदराचे महत्त्व त्यानंतर दक्षिणेकडील खाडीच्या मुखाशी सरकले. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली आणि सुमारे दोन शतके ती त्यांच्या उत्तरेकडील प्रांताची राजधानी झाली. तटबंदीच्या आत चर्च, मठ आणि वाडे उभे राहिले. येथील लाकडातून जहाजे बांधली गेली आणि येथील दगड गोव्याच्या चर्चपर्यंत गेला. या काळातील वसईचा एक धागा थेट जपानपर्यंत जातो. पोर्तुगीज पिता आणि स्थानिक माता यांच्या पोटी वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया तरुणपणीच जपानला गेले. जपानी भाषा अवगत असल्याने पुढे फ्रान्सिस्कन धर्मबंधू म्हणून त्यांनी दुभाष्याचे काम केले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे क्रुसावर दिल्या गेलेल्या २६ जणांत ते होते. १८६२ साली त्यांना संतपद देण्यात आले. वसई आणि नागासाकी ही त्या काळी एकाच सागरी व्यवहाराची दोन ठाणी होती. भाषेत त्याची खूण आजही दिसते. मराठीतील ‘पाव’ आणि जपानीतील ‘पान’ हे दोन्ही शब्द एकाच पोर्तुगीज शब्दापासून आले, आणि दोन्हींचा अर्थ एकच आहे.

१७३९ च्या मे महिन्यात वसई मराठ्यांकडे आली. चर्चमधील घंटा देशावरच्या देवळांत गेल्या. नाशिकच्या नारोशंकर मंदिराच्या घंटेवर १७२१ हे साल कोरलेले आहे आणि परंपरा ती वसईचीच मानते. किल्ल्यातील शहर हळूहळू ओसाड झाले. पण तटाबाहेरची वसई ओसाड झाली नाही, आणि हीच गोष्ट इतिहासलेखनात दुर्लक्षित राहिली. सत्ता बदलल्या तरी वाड्या शिंपल्या जात होत्या.

‘वाडी’ म्हणजे येथे बाग. केळी, विड्याची पाने, ऊस, फुले आणि भाजीपाला ही तिची पिके. राजेळी केळी सुकवून केलेली सुकेळी ही आगाशी परिसराची ख्याती. या बागायतीचा प्राण म्हणजे ‘बावखल’. बावखल हे वाडीत खणलेले कच्चे तळे : पावसाचे पाणी साठवणारे, जमिनीत जिरवणारे आणि उन्हाळ्यात झऱ्यांनी पुन्हा भरणारे. त्यावर किंवा विहिरीवर बैलाचा रहाट चाले. रहाटाच्या मंदगतीत एक मर्यादा अंगभूत होती. बैल थकला की उपसा थांबे, आणि रात्रीतून पाण्याची पातळी पूर्ववत होई. तेलाच्या आणि विजेच्या पंपांना असा थकवा नाही. एकाच जागी सतत उपसा झाला की विहिरीच्या तळाशी खारे पाणी शंकूच्या आकारात वर चढते. एकदा खारावलेली विहीर गोडी होण्यास अनेक पावसाळे लागतात.

या वाड्यांभोवतीच येथील बोली टिकून राहिल्या. सामवेदी ख्रिस्ती, म्हणजे कुपारी समाजाची कादोडी, वाडवळांची वाडवळी, शिवाय कोळी, आगरी आणि वारली बोली या सर्व काही मैलांच्या अंतरात नांदतात. वाडवळी तर हिंदू आणि ख्रिस्ती अशा दोन्ही घरांत बोलली जाते. धर्म बदलला, परंतु पीक आणि पाणी बदलले नाही. म्हणून बोलीही बदलली नाही, असे अनुमान येथे करता येते.

या व्यवस्थेला धक्का मिळाला तो रेल्वेमुळे, मात्र फार उशिरा. १८६४ साली लोहमार्ग मुंबईपर्यंत पोहोचला आणि १८६७ साली विरारहून मुंबईला पहिली स्थानिक गाडी धावली. शंभराहून अधिक वर्षे या गाडीने वसईची फुले, पाने आणि भाजी मुंबईला नेली. १९८० नंतर उलट प्रवाह सुरू झाला : मुंबईत घर न परवडणारी माणसे या गाडीने वसईकडे आली. त्यांची गरज खरी होती आणि आहे, हे विसरून चालणार नाही. परंतु नव्या वसाहतींना नळाचे पाणी नव्हते. म्हणून वाड्यांतील विहिरींचे पाणी टँकरने इमारतींकडे जाऊ लागले. त्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसईचे आंदोलन उभे राहिले. हेच दिब्रिटो २०२० साली उस्मानाबाद येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. २०२४ साली त्यांचे निधन झाले. लेखक आणि पाण्याचा रक्षक या त्यांच्या दोन भूमिका परस्परांपासून वेगळ्या काढता येत नाहीत.

२००९ साली वसई-विरार महानगरपालिका स्थापन झाली; अनेक गावांनी तीतून वगळले जावे म्हणून लढा दिला. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १२ लाखांहून अधिक होती. आज शहराला सूर्या प्रकल्पाचे पाणी मिळते, पण ज्यांच्या शेतीसाठी ते धरण बांधले त्या आदिवासी भागातून या वळवणुकीस विरोध झाला आहे. म्हणजे तहान भागली, तरी तिचा भार दुसऱ्यावर गेला. दुसरीकडे पाणथळ जमिनी आणि बावखले बुजल्याने पावसाचे पाणी मुरेनासे झाले. जुलै २०१८ मध्ये नालासोपाऱ्याचे रूळ पाण्याखाली गेले आणि वसईच्या मिठागर वस्तीतील सुमारे ४०० माणसे पाण्याने वेढली गेली. उन्हाळ्यात टंचाई आणि पावसाळ्यात पूर ही एकाच चुकीची दोन रूपे आहेत. समुद्रकाठच्या नगरांना हा प्रश्न नवा नाही. डोंगरउतारावर वाढलेल्या नागासाकीत जुलै १९८२ च्या अतिवृष्टीने सुमारे ३०० माणसे दगावली आणि १६३४ सालचा तेथील दगडी पूल मोडला. तेथे तो पूल पुन्हा उभारताना दोन्ही तीरांना पुराच्या पाण्यासाठी वेगळे मार्ग खोदले गेले. जुनी वास्तू आणि पाण्याची वाट यांचा एकत्र विचार करता येतो, एवढे तरी त्यावरून दिसते.

भारतीय साहित्याच्या अभ्यासकाला या सर्वाशी काय कर्तव्य, असा प्रश्न उपस्थित होऊ शकतो. त्याचे उत्तर बोलींच्या शब्दसंग्रहात आहे. बावखल बुजले की ‘बावखल’ हा शब्द प्रथम आठवणीत जातो आणि नंतर कोशात; रहाटाच्या प्रत्येक भागाचे नाव त्याच वाटेने जाते. या बोलींतील लोकगीते व म्हणी संकलित करण्याचे काम स्थानिक मंडळी आपापल्या परीने करीत आहेत. परंतु वाडीत प्रत्यक्ष काम केलेल्या पिढीकडून पाण्याची आणि शेतीची परिभाषा पद्धतशीरपणे नोंदवून घेणे हे विद्यापीठांचे काम आहे. काही गावांत बावखले उपसून पुन्हा खुली केली जात आहेत. ज्या वाडीत बावखल पुन्हा भरेल, तेथे ही परिभाषा बोलती ऐकायला मिळेल. अभ्यासकाने आपल्या कामाचा आरंभ तेथूनच करावा.